फुंकायचा दात

पालकाचा तपशील (पालकाने स्वहस्ते भरावा). पाल्याशी नाते: वडील. वय: सत्तेचाळीस वर्षे पूर्ण. उंची: विचारलेली नाही, तरी मध्यम. व्यवसाय: कृत्रिम दंतनिर्मिती. कामाचे ठिकाण: तळमजला, मागील दार. पालकास अवगत असलेली वाद्ये: निरंक. कुटुंबातील अन्य व्यक्तींस अवगत असलेली वाद्ये: निरंक. (पाल्याच्या मामास उत्तम शीळ घालता येते, तथापि शीळ हे वाद्य नव्हे, असे शाळेने तोंडी कळवले आहे.) पाल्याने निवडलेले वाद्य: क्लॅरिनेट. सदर निवडीस पालकाची हरकत आहे / नाही:

या रकान्यापाशी सदर इसमाचं पेन सोमवारी थांबलं. अर्ज शुक्रवारी द्यायचा होता.

गल्लीत त्यांना कवळीवाले म्हणतात. दारावर 'दंतप्रयोगशाळा' अशी पाटी आहे, पण दातांवर प्रयोग होतात हे वाचून माणसं दोन पावलं मागेच सरतात, म्हणून पाटीचा उच्चार कुणी करत नाही. काम सरळ असतं. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेतात, ठसा डबीत घालून इकडे पाठवतात. कवळीवाले त्यात प्लास्टर ओततात, जबडा काढतात, जबड्यावर मेणात दात बसवतात, मग मेणाचं गुलाबी प्लास्टिक होतं, ते घासून, चकचकीत करून डबीतून परत जातं. माणूस येत नाही, माणसाचं तोंड येतं. सव्वीस वर्षांत कवळीवाल्यांनी काही हजार लोकांना चावायला, बोलायला आणि भांडायला दात पुरवले, पण त्या लोकांशी त्यांचा परिचय काही झाला नाही. कधी बसमध्ये समोरच्या सीटवरच्या बाईंनी मनापासून जांभई दिली, तर ते पुढे झुकून बघत आणि समाधानानं मागे टेकत. बाई पदर नाहीतर ओढणी सावरत. त्यांना काय माहीत, हा गृहस्थ त्यांच्या वरच्या उजव्या दाढेची ख्यालीखुशाली विचारतोय.

धंद्याचे त्यांचे नियम दोनच. एक, चांगलं काम म्हणजे जे दिसत नाही ते. कवळी बघून 'वा, काय कवळी आहे' असं कुणी म्हणालं, तर ती कवळी फसली. आणि दोन, कुणाच्या तोंडात काय आहे ते कुणाला सांगायचं नाही. गल्लीतल्या निम्म्या हास्यांची अंदरकी बात त्यांना ठाऊक होती. चौकातला केशकर्तनवाला खोदून खोदून विचारी, "त्या वकीलसाहेबांचे पुढचे तुमच्याकडचेच ना हो?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "सगळे दात ज्याचे त्याचे."

बायको चष्म्याच्या दुकानात होती. नंबर काढायचं यंत्र ती चालवायची आणि काड्या कानामागे नीट बसतात की नाही ते बघायची. "आमच्या घरात माणसाचं डोकं तुकड्या-तुकड्यानं दुरुस्त होतं," असं ती म्हणे. "कान तेवढे राहिलेत." घरात गाणंबजावणं नव्हतं ते त्यामुळेच, असं तिचं शास्त्रीय मत होतं.

या दोघांना एक मुलगी. वय चौदा. लहानपणी तिचे पुढचे दोन दात, ज्यांना पटाशीचे दात म्हणतात ते, इतके ठसठशीत होते की बाप तिला खारूताई म्हणायचा. नवव्या वर्षी त्यातला डावा गेला. सायकल शिकताना पडली. सायकलची सीट मागून बापानं धरली होती, म्हणजे धरली होती असं तिला सांगितलं होतं. मैदानाच्या अर्ध्यात त्यांनी सोडून दिली, जशी जगातले सगळे बाप सोडतात. दहा-बारा हात ती छान गेली. मग पडली. दात मुळासकट आला. त्या दिवसापासून खारूताई हा शब्द घरातून कुणी न सांगता हद्दपार झाला आणि मुलगी नुसती 'अगं' झाली.

चौदाव्या वर्षी जबडा अजून वाढत असतो, पक्का दात बसवता येत नाही. तोवर टाळूला चिकटणारी पातळ गुलाबी पट्टी, दोन्ही बाजूंच्या दाढांना धरणाऱ्या दोन तारा आणि पुढे एक दात, असं काम चालतं. मुलगी वाढली की पट्टी आखूड होते, नवी करावी लागते. पाच वर्षांत पाच झाल्या. प्रत्येक वेळचा प्लास्टरचा जबडा कवळीवाल्यांनी फळीवर ओळीनं ठेवला होता, खाली पेन्सिलनं वर्ष. इतर लोक मुलांची उंची भिंतीवर रेघा मारून मोजतात. नवा दात बसवला की परीक्षा असे. 'स' आणि 'फ' ही अक्षरं दाताची लांबी पकडून देतात, म्हणून कवळीवाल्यांनी एक वाक्य तयार केलं होतं: "सातशे सशांनी सफाईनं साबण फासला." लेक ते आरशासमोर उभी राहून म्हणायची, शिट्टी आली नाही की पास. दात इतका हुबेहूब असायचा की शाळेत पाच वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. लेकीनं तो कधी कुणासमोर काढलाही नाही. आईबापासमोरसुद्धा नाही, न्हाणीघराचं दार लावून धुवायची आणि घालूनच बाहेर यायची. आपल्या सगळ्या कामांत हेच काम सर्वांत चांगलं साधलंय, असं कवळीवाल्यांना वाटे. या कामाबद्दल ते कधीच बोलत नसत, यावरूनच ते दिसे.

तर सोमवारी ती अर्ज घेऊन आली. शाळेत नव्यानं वाद्यवर्ग निघाला होता. वाद्य शाळा देणार, तीन वर्षं वापरायचं, मध्येच बदलायचं नाही. यादीत व्हायोलिन, बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल.

"क्लॅरिनेट," लेक म्हणाली. तिनं ते आधीच लिहून टाकलं होतं, शाईनं.

"तोंडानं वाजवायचं ना ते?" आईनं विचारलं. "मग वेगळं शिकायची काय गरज? तोंड तू जन्मल्यापासून वाजवतेस."

"आई, तू ऐकलंयस का कधी?"

"रोजच ऐकते."

"क्लॅरिनेट गं. वाद्यांच्या खोलीत बाई वाजवत होत्या. असं वाटतं की कोणीतरी भांडतंय, पण हळू आवाजात, आणि त्याचंच बरोबर आहे."

आईला हे वर्णन पटलं. तिनं चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अर्जाकडे पाहत होता.

"व्हायोलिन कसं वाटतं?" कवळीवाले म्हणाले.

"कसं म्हणजे?"

"नाही, म्हणजे हाताचं काम आहे. बोटं तुझी चांगली आहेत. लांब आहेत. शिवाय ते लाकडाचं असतं."

"क्लॅरिनेटपण लाकडाचंच असतं बाबा."

"पण व्हायोलिन जास्त लाकडाचं असतं."

हा मुद्दा घेऊन ते पुढे किती जाऊ शकले असते कोण जाणे. लेकीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "बाबा, कारण काय आहे ते सरळ सांगा ना."

"कारण काही नाही. सुचवलं."

"मग हरकत नाही लिहा."

कवळीवाल्यांनी पेन उघडलं, बंद केलं आणि वरणाचं भांडं इकडे सरकवा म्हणाले. भांडं त्यांच्या पुढ्यातच होतं.

मंगळवारी दुपारी ते कुणाला न सांगता शाळेत गेले. वाद्यांची खोली जिन्याखाली होती. तिथे, सगळी मुलं ज्यांना वाद्यबाई म्हणत, त्या बसल्या होत्या: पन्नाशीच्या, बारीक, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या एका ट्रम्पेटमधून फडकं आरपार ओढत होत्या. कवळीवाल्यांनी ओळख सांगितली आणि विचारलं की क्लॅरिनेट तोंडात नेमकं कुठं बसतं. आजवर पालक येऊन विचारत ते आवाज किती होतो हे. वाद्यबाईंना हा प्रश्न आवडला. त्यांनी कपाटातून फुंकायचा काळा तुकडा काढला.

"याला आम्ही चोच म्हणतो. खाली ही पत्ती, ही थरथरते. खालचा ओठ दातांवर दुमडून पत्तीखाली घ्यायचा. आणि वरचे पटाशीचे दात इथे, चोचीवर थेट टेकवायचे. वाद्याचं वजन उजव्या अंगठ्यावर असतं, अंगठा वर ढकलतो, म्हणजे सगळा जोर या दोन दातांवर."

कवळीवाल्यांनी चोच हातात घेतली, उताराचा कोन नखानं तपासला. वर बारीक दोन खळगे पडले होते, कुणाच्या तरी दातांचे. त्यांना एका क्षणात सगळं दिसलं: दोन तारांवर तरंगणारी पट्टी, तिच्या टोकाला दात, आणि त्या दातावर खालून दाबणारा अंगठा. फळीच्या टोकावर उडी मारावी तसं. पट्टी मागून उचलणार.

"तुमच्या मुलीचे दात कसे आहेत?" बाईंनी सहज विचारलं. "हलतात, पुढे आहेत, काही बसवलेलं आहे? मी विचारून घेते सगळ्यांचं. एका मुलाला तारा लावलेल्या होत्या, त्यानं लपवलं. सहा महिन्यांनी रक्त. असेल तर सांगा, काहीतरी करता येतं."

हाच क्षण होता. ते आलेच होते यासाठी. पण सव्वीस वर्षांची जीभ मेंदूला विचारत बसत नाही.

"सगळे दात ज्याचे त्याचे," कवळीवाले म्हणाले. मग चूक लक्षात आली तशी दुरुस्त केली. "म्हणजे तिचे तिचेच."

"छान," वाद्यबाई म्हणाल्या आणि वहीत लेकीच्या नावापुढे लिहिलं: दात योग्य. "मग उद्या तिला चोच देते दोन दिवस घरी. सूर निघतो का बघू दे."

बाहेर पायरीवर कवळीवाले जरा उभे राहिले. इतरांच्या तोंडातलं झाकता झाकता आपण पोटच्या पोरीच्या तोंडाबद्दल खोटं बोललो, आणि तेही तिच्या फायद्याचं नाही, हे त्यांना समजत होतं. परत आत जाऊन सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. पण एकदा 'तिचे तिचेच' म्हटल्यावर आत जाऊन 'नाही, एक माझा' म्हणायचं, तर कोणत्या तोंडानं. ते बसस्टॉपकडे गेले.

बुधवारी संध्याकाळी लेकीनं चोच आणली. सोबत बोटभर लांबीची नळी होती, बस्स एवढंच. बाकीचं वाद्य शाळेत. खुर्ची ओढून ती खोलीच्या मधोमध बसली, पत्ती जिभेवर ओली केली आणि फुंकली. बदक पाय अडकल्यावर ओरडेल तसा आवाज आला.

"भांडण सुरू झालं वाटतं," आई म्हणाली.

"थांब ना."

दुसऱ्यांदा बदक मेलं. तिसऱ्यांदा सूर आला, पण आल्या आल्या हलला, आणि त्याच्या आत एक बारीक टक्‌ असा आवाज झाला. आईला तो कळला नाही. कवळीवाल्यांना बरोबर कळला. प्लास्टिकची पट्टी टाळूवरून सुटून पुन्हा बसल्याचा आवाज ते झोपेतही ओळखतील. त्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. टक्‌. पुन्हा सूर. टक्‌. लेक थांबली, चोच मांडीवर ठेवली.

मग उठून न्हाणीघरात गेली. नळ वाहिला. बाहेर आली ती तोंड मिटून. खुर्चीत बसली, वरचा ओठही दाताखाली दुमडून घेतला आणि फुंकर घातली.

आता सूर निघाला तो जाड होता, साधा होता आणि जागचा हलला नाही. एकाच उंचीवर, गाडीच्या भोंग्यासारखा, पण मायाळू भोंगा. श्वास संपेपर्यंत चालला. थांबून लेकीनं श्वास घेतला, पुन्हा तोच सूर. चेहरा लाल झाला होता. तिला कसं वाटतंय हे बघायला कवळीवाल्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, आणि त्याच वेळी लेक हसली.

पाच वर्षांत ती फट त्यांनी प्लास्टरमध्ये पाच वेळा पाहिली होती. माणसात, मैदानावरच्या त्या दिवसानंतर, पहिल्यांदाच पाहत होते.

आईनं दुकानातलं चष्मे पुसायचं मऊ फडकं टेबलावर पसरलं. लेकीनं मुठीतली पट्टी त्यावर ठेवली. तिघं त्या दाताकडे बघत बसले, घरी आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं.

"दात तुमचा बोलायला छान आहे बाबा," लेक म्हणाली. बोलताना 'स' आणि 'छ' फटीतून निसटत होते, ते तिचं तिलाच ऐकू येत होतं, तरी बोलत राहिली. "पण फुंकायला नाही. सोमवारी तुम्हाला माहीत होतं ना?"

"अंदाज होता."

"मग सांगितलं का नाही?"

कवळीवाल्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "वर्गात किती जण आहात?"

"बावीस. सगळ्यांसमोर काढून खिशात टाकायचा रोज. आणि ओठ असा दुमडून दहा मिनिटांत दुखायला लागतो." तिनं ओठाला बोट लावलं. "व्हायोलिन घेऊ का?"

हेच त्यांना सोमवारी हवं होतं. आता ते मिळालं, आणि नको झालं.

"अहो, बोला की," बायको म्हणाली. "परवा व्हायोलिन किती लाकडाचं असतं ते सांगत होता."

"उद्या शाळा सुटल्यावर तळमजल्यावर ये," ते लेकीला म्हणाले. "चोच घेऊन."

गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांच्या कामाच्या खोलीत सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दाताचा धनी स्वतः आला. बसायला जागा नव्हती. प्लास्टरच्या गोण्यांवर वर्तमानपत्र घालून लेक बसली आणि फळीवरचे स्वतःचे पाच जबडे निरखू लागली. "दहाव्या वर्षीची मी जरा चिडकी दिसते."

"तेव्हा दाढ येत होती. तोंड उघड."

आधी त्यांनी सोपं ते केलं. पकडीनं तारा आवळल्या. पट्टी घट्ट बसली, टक्‌ बंद झालं. लेकीनं फुंकलं. सूर दोन सेकंद टिकला आणि घसरला. दात मागे कलत होता. मग त्यांनी खणातून निळा कागद काढला. सिगारेटच्या कागदाइतका पातळ, शाईचा. दोन दातांत धरून चावलं की जिथे टेकतं तिथे निळा ठिपका उमटतो. आजवर तो त्यांनी वरच्या दाढा आणि खालच्या दाढा यांच्यामध्ये धरला होता. आता चोचीवर ठेवला.

"चाव. जसं वाजवताना धरतेस तसं. अंगठ्यानं वर ढकल."

ठिपके दोन उमटले, दोन्ही दातांवर. त्यांचा गडद, तिचा फिका.

"हा माझा सगळा भार घेतोय," कवळीवाले म्हणाले. "तुझ्याला काही कामच नाही."

"मग?"

"भार तुझ्या दातानं घ्यायला हवा. तो हाडात आहे. माझा नुसता टेकलेला आहे. माझ्यानं चोचीला शिवायचंच नाही. म्हणजे हा खालून घासून आखूड करायला लागेल."

"मग करा ना."

ते उभेच राहिले. एका हातात दात, दुसऱ्या हातात घासायचं चक्र. "आखूड केला की दिसेल."

"काय दिसेल?"

"की एक दुसऱ्यापेक्षा छोटा आहे. कुणीही बघेल आणि म्हणेल, हा एक खोटा. पाच वर्षांत कुणाला कळलेलं नाही."

"दुसरा करून द्या मग. एक शाळेचा, एक वाजवायचा."

"पट्टी तासातासाला काढघाल केली तर तारा सैल पडतात. महिन्यात पुन्हा टक्‌ सुरू होईल. एकच ठेवायला पाहिजे." त्यांनी चक्र खाली ठेवलं. "शिवाय काढायचा कुठे हा प्रश्न राहतोच."

लेकीनं चोचीवरचा खळगा नखानं चाचपला. बाहेर कोणीतरी मोटरसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

"मी सीट सोडली होती," कवळीवाले अचानक म्हणाले. सायकल हा शब्द त्यांनी काढला नाही. गरजही नव्हती.

"माहीत आहे. वळून बघितलं ना मी, तुम्ही किती मागे राहिलात ते. म्हणून तर पडले." तिनं खांदे उडवले. "सोडावीच लागते बाबा. नाहीतर तुम्ही अजून धरून पळत असता."

मग चक्राकडे बोट दाखवून ती म्हणाली, "घासा. दिसू दे."

त्यांनी चक्र सुरू केलं. त्याच्या घरघरीत बोलता येत नाही, हा त्या यंत्राचा एक चांगला गुण आहे.

थोडं घासलं, दात बसवला, निळा कागद, चाव. माझा ठिपका अजून आहे. पुन्हा. ठिपका फिका. पुन्हा. दर वेळी दाताची कड थोडी वर जाई आणि हुबेहूबपणा थोडा खाली येई. शेजारच्या दाताशी जुळावी म्हणून त्यांनी जी बारीक पांढरी रेघ भरली होती, तीही चौथ्या खेपेला गेली. ती भरायला त्यांना एक अख्खा रविवार लागला होता. पाचव्या खेपेला निळा ठिपका फक्त उजव्या दातावर आला. डावा कोरा.

सवयीनं त्यांनी तिला आरशासमोर उभं केलं. "म्हण. सातशे सशांनी."

"सातशे सशांनी सफाईनं साबण फासला." 'फ'ला बारीक शिट्टी आली. कवळीवाल्यांचा हात आपोआप दाताकडे गेला.

"राहू दे ना," लेक मागे सरली. "मी कुठे सशांबद्दल बोलणार आहे? ऐका." आणि चोच लावून तिनं फुंकलं.

काल बिनदाताचा निघाला होता तसाच सूर निघाला, जरा अधिक टोकदार. वरचा ओठ मोकळा होता. चार वेळा वाजवला, चारही वेळा तोच. शेजारच्या गाळ्यातला कुलूपवाला दारात येऊन म्हणाला, "काय हो, कवळी बोंबलायला लागली का?"

"मुलगी वाजवतेय," कवळीवाले म्हणाले. कुलूपवाल्यानं लेकीकडे बघितलं, लेक हसली, आणि कुलूपवाल्याची नजर सरळ त्या आखूड दातावर जाऊन थांबली. अशी नजर कवळीवाल्यांनी आयुष्यभर टाळली होती.

"हा..." कुलूपवाला म्हणाला आणि सभ्यपणानं थांबला.

"खोटा आहे," लेक म्हणाली. "बाबांनी केलाय."

"मुद्दाम आखूड ठेवलाय," कवळीवाले घाईघाईनं म्हणाले. "कामासाठी."

"हो, तेच म्हटलं," कुलूपवाला म्हणाला. "चुकून असं कोण करेल."

शुक्रवारी सकाळी, लेक बूट घालत असताना, त्यांनी अर्ज पूर्ण केला. 'हरकत आहे' यावर काट मारली. काट मारल्यावरही पेन उचलेना. खाली 'दात, ओठ, बोटे यांविषयी निवेदन (असल्यास)' असा एक रकाना होता. तिथे दोनच ओळी बसत होत्या, म्हणून त्यांनी अक्षर बारीक काढलं: "वरचा डावा पटाशीचा दात मी केलेला आहे. मंगळवारी मी वेगळे सांगितले, ते खरे नव्हते. दात चोचीला टेकत नाही, तपासून घ्यावे. सैल वाटल्यास मला कळवावे, मी लगेच येईन."

लेकीनं उभ्या उभ्या वाचलं. "मंगळवारी? तुम्ही शाळेत गेला होता?"

"हो."

"आणि काय सांगितलंत?"

"सगळे तुझेच आहेत म्हणून."

लेकीनं विचार केला. "तसे आहेतच की," ती म्हणाली, आणि अर्ज दप्तरात घातला. तो मुडपू नये म्हणून मधल्या कप्प्यात, पुस्तकांच्या मध्ये.

"बाईंना आधी ते वाचायला सांग. मग चोच लाव," बाप जिन्यावरून म्हणाला.

"सांगते."

"त्या म्हणाल्या आखूड फार झालाय, तर वाढवता येत नाही हे सांग. नवा करावा लागेल."

"बाबा, जाऊ का मी?"

"जा."

वाद्यबाईंनी निवेदन दोनदा वाचलं, लेकीला तोंड उघडायला लावलं, छोटा आरसा धरून पाहिलं आणि वहीतलं 'दात योग्य' खोडून 'दात योग्य आहेत, एक केलेला' असं लिहिलं. मग तिला पूर्ण क्लॅरिनेट हातात दिलं. बावीस मुलांपैकी चौघांनी त्या दिवशी दाताबद्दल विचारलं, एकानं चिडवलं, आणि दोघींनी तो काढून दाखव म्हणून मागे लागून पाहिलं. तिनं काढला नाही. तारा सैल पडतात असं कारण सांगितलं.

पालकांचं निवेदन, पसंतीक्रम आणि हरकतीचा रकाना यांची छाननी करण्यासाठी शाळेनं तिघांची एक समिती नेमली होती. समितीची बैठक झाली नाही. शाळेकडे क्लॅरिनेट पाच होती आणि अर्ज तीन आले होते.